त्रेचाळिसावा बाण

ओट्यावर डोंगरची काकडी आली की आमच्या घरात आश्विन लागतो. कॅलेंडरचं पान मी नंतर उलटते.

ही काकडी तुमच्या तिकडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मिळते तशी नव्हे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, पिवळट पांढरी, अंगावर फिकट हिरव्या रेघा, आणि जमिनीला टेकून वाढली त्या बाजूला मातीचा डाग. डोंगराच्या उतारावर वरईच्या शेतात तिचे वेल सोडलेले असतात. सुरी पुरती आत शिरायच्या आधीच वास सुटतो, ओल्या गवताचा आणि त्यावर पडलेल्या उन्हाचा. तुमचे आबा तेवढ्यासाठी वर्तमानपत्र खाली ठेवतात. एरवी भूकंप झाला तरी ठेवायचे नाहीत.

आज सकाळी हिराबाई ती घेऊन आली. टोकावड्याकडून येणाऱ्या पहिल्या एसटीने ती मुरबाडला उतरते आणि बाजारात बसायच्या आधी आमच्या दारात पाटी टेकवते. तीस-पस्तीस वर्षं हाच क्रम आहे. मुरबाडमध्ये मला 'तू' म्हणणारी माणसं दोनच, एक तुमचे आबा आणि दुसरी ती. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी केस पिकलेले माझे विद्यार्थी मला बघून सिगारेट पाठीमागे लपवतात. हिराबाईचं मात्र पहिल्या दिवसापासून 'बाय' आणि 'तू'.

"घे गो बाय," ती म्हणाली. "यंदा डुकरांनी आमच्यासाटी चारच ठेवल्या. त्यातली एक तुजी."

"आणि बाकीच्या तीन?"

"एक देवाला, एक सुनंला. एक मी खाल्ली वाटंनं. लय तहान लागली व्हती."

चहा तिने बशीत ओतला, फुंकर घातली. मग मी दरवर्षी विचारते ते विचारलं.

"आहे का?"

"हाय. पन आता अर्दाच हाय. टोक शेवाळानं खाल्लं."

ती बाजारात गेली, आणि दुपारी, निहार, तुझा निरोप आला. पुढच्या वर्षी याच दिवसांत तू दोन मित्रांना घेऊन येणार आहेस, लहानपणी आपण गेलो होतो त्या डोंगरावरच्या तळ्यावर जायचं आहे, कुणी वाटाड्या नको, कारण आपण रंगवलेले बाण आहेतच. आजीने फक्त वाट सुरू होते तिथलं लोकेशन पाठवावं. खाली इराने, तिला कुणी विचारलेलं नसताना, लिहिलं होतं: 'मीपण येणार. शेवटचा बाण माझा आहे.'

बाण नाहीत, बाळांनो.

हे वाक्य मी सहा वर्षं तुमच्यापासून लपवून ठेवलं आहे. व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारायचात, "आजी, आपले बाण आहेत ना?" आणि मी "आहेत हो" म्हणून तुम्ही काय जेवलात ते विचारायची. वर्गात मी मुलांना सांगत असे की स्वतःहून खरं सांगितलं तर शिक्षा अर्धी होते. माझी ती सवलतही आता संपली. पण तू मित्रांना घेऊन त्या डोंगरातल्या घळीत बाण शोधत हिंडशील आणि वरून धुकं उतरेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी कागद ओढला. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही लगेच 'इट्स ओके, आजी' म्हणाला असतात. तसं मला नको होतं. तुम्ही आधी सगळं ऐका, मग ठरवा.

तुम्ही आलात ते वर्ष मला एकेका दिवसानिशी आठवतं. तुमचा बाबा नोकरी बदलत होता, त्या मधल्या दोन महिन्यांत तुम्ही इथे होतात. निहार नऊचा, इरा पाचची. पाऊस गेला नव्हता. निरोप घेऊन झाल्यावरही दारात उभं राहून बोलणाऱ्या पाहुण्यासारखा रोज दुपारी तासभर रेंगाळायचा. खाचरांत हळवं भात पिवळं झालेलं आणि त्याच्या शेजारच्या तुकड्यात गरवं अजून हिरवंगार, जणू एकाच वर्गातली दोन मुलं, एकाचा पेपर लिहून झाला आहे आणि दुसरं अजून मान खाली घालून लिहितं आहे. सकाळी दव, दहा वाजता चटका, चार वाजता ढग. माझं माहेर शहापूरचं, सासर मुरबाडचं. दोन्हीकडे हे दिवस असेच असतात, आणि दोन्हीकडच्या बायका या दिवसांत वाळत घातलेल्या कपड्यांकडे दर दहा मिनिटांनी मान वर करून बघतात.

तुम्ही पहिल्याच आठवड्यात कंटाळलात. तेव्हा हिराबाई म्हणाली, "पोरांना वर पान्यावर आन. बघू दे जरा."

तिच्या पाड्याच्या वरच्या अंगाला, घटका-दीड घटका चढल्यावर, कातळात एक तळं आहे. नकाशावर ते नाही. घटका म्हणजे चोवीस मिनिटं, हे मी तेव्हाही तुम्हाला सांगितलं होतं आणि तुम्ही तेव्हाही ऐकलं नव्हतं. माझ्या घड्याळाने आपल्याला चढायला चार तास लागले. तुमचे आबा गुडघ्याचं निमित्त काढून खाली हिराबाईच्या ओसरीवर थांबले आणि तिच्या नवऱ्याबरोबर भाताच्या वाणांवर भांडत बसले.

मी निघाले ती तयारीनिशी. डबे, पाणी, शिट्ट्या, पट्ट्या, मीठ, प्रत्येकाच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी. आणि गेटच्या जाळीला लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट, एक ब्रश. हिराबाईने डब्याकडे बोट दाखवलं.

"ह्यो कशाला गो?"

"बाण काढायला. म्हणजे पुन्हा आलो की वाट चुकणार नाही."

"वाट कशाला चुकंल? मी हाय ना."

मला वाटलं ती आदरातिथ्याने म्हणते आहे. मी हसले, आणि रस्त्याला लागूनच असलेल्या मोठ्या धोंड्यावर निहारकडून पहिला बाण काढून घेतला. शेजारी आकडा: १. आकडे घालायची कल्पना माझी. नुसते बाण मला अपुरे वाटले. मधला एखादा निसटला तर कळायला हवं ना!

त्या वाटेचं मला आज काय काय आठवतं? वरईच्या शेताच्या कडेने जाताना कणसं हाताला लागायची आणि हातावर बारीक भुकटी राहायची. पुढे कारवीचं रान, माणसाच्या डोक्यावर गेलेलं, त्यातून वाट म्हणजे हिरवा बोगदा. आणि बोगद्याच्या तोंडाशी बरोबर इराच्या नाकाच्या उंचीवर एका कोळ्याचं जाळं, ताटाएवढं, उन्हात सोनेरी. हिराबाईने ते तोडलं नाही. ती वाकून खालून गेली आणि म्हणाली, "त्याचं घर हाय." मग आपण सगळे वाकलो. मी सगळ्यात शेवटी, डबा सावरत.

ओहोळ ओलांडला की नाळ, म्हणजे डोंगराची घळ, सुरू होते. दोन बाजूंना कातळ, मधून घरंगळून आलेले धोंडे, त्यांच्यावर शेवाळ, आणि खालून कुठून तरी न दिसणाऱ्या पाण्याचा आवाज. बाणांसाठी इतकी सोयीची जागा दुसरी नाही. पाचव्या बाणापासून तेविसाव्यापर्यंत सगळे त्या नाळेत होते. निहार, तू जीभ बाहेर काढून रंगवत होतास. तुझ्या कानाला रंग लागला होता आणि तो आठ दिवस गेला नाही.

इरा थकली. "अजून किती?" तिने विचारलं. हिराबाईने कमरेची चंची चाचपली. "एक पान खाऊन व्हईल तवर." इराने मला विचारलं, आपण पान खातो का? मी नाही म्हटलं. आता तळं येणारच नाही अशा समजुतीने तिचे डोळे भरले. तेव्हा हिराबाईने तिला कडेवर घेतलं आणि माझ्या पिशवीतलं बिस्किट तिच्या हातात दिलं.

"ह्ये खा. पन हळू खा हां, नायतर तळं लांब जाईल."

एक बिस्किट तू पाऊण तास पुरवलंस, इरा. पुढे कितीतरी दिवस तू प्रत्येक अंतर बिस्किटात मोजत होतीस. आसनगाव स्टेशन पाच बिस्किटं. कल्याण अख्खा पुडा.

नाळ संपते तिथे एक सपाट धोंडा आहे. शेंदूर नाही, नारळ नाही, काही नाही. हिराबाईने बाजूच्या झुडपाची एक हिरवी डहाळी मोडून त्यावर ठेवली, आणि आपल्यालाही एकेक ठेवायला लावली. उतरताना आपापली डहाळी उचलून तिने दरीत टाकायला लावली. निहार, तू मला इंग्रजीत विचारलंस, असं का? आणि मी तुला ऐटीत उत्तर दिलं की काही लोकांची श्रद्धा असते, आपण मान द्यायचा. मान द्यायचा हे बरोबर होतं. बाकीचं उत्तर चूक होतं, ते पुढे येईल.

आणि मग सडा, माथ्यावरचं सपाट पठार. चढ एकदम संपतो आणि पायाखाली नुसती सोनकीची पिवळी फुलं. त्या पिवळ्याच्या मधोमध काळ्या कातळाची एक ओंजळ, आणि तिच्यात पाणी. मोठं नाही, माझ्या शाळेचं मैदान त्याहून मोठं होतं. पण इतकं स्थिर की एक चतुर टेकला तर त्याचं वर्तुळ पलीकडच्या काठापर्यंत गेलेलं आपण बघितलं. हिराबाईने ओंजळीने पाणी घेतलं, आधी थोडं परत पाण्यात सोडलं, मग प्यायली. आपण चौघांनी काकडी मीठ लावून खाल्ली. तिचे उरलेले देठही मी डब्यात परत घातले, इतकी मी नीटनेटकी. आणि रंगाचा डबा मात्र उघडा होता.

शेवटचा बाण इराने काढायचा, असं ठरलं होतं. काठाच्या काळ्या कातळावर, दोन्ही हातांत ब्रश धरून, तू तो काढलास. टोक पाण्याकडे असायला हवं होतं. तू वर केलंस, सरळ आभाळाकडे. त्रेचाळिसाचा आकडाही उलटा घातलास, चार मागे, तीन पुढे.

"चुकली, चुकली!" निहार ओरडला. "पाणी खाली आहे!"

तू शांतपणे म्हणालीस, "पाणी तिथूनच येतं."

हिराबाई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

तुम्ही गेलात. घर चार दिवस फार मोठं वाटलं. पुढच्या आश्विनात काकडी आली, त्याच्या पुढच्याही आश्विनात आली. हिराबाई दरवेळी तुमची चौकशी करायची. वर खूप माणसं येतात आता, असं एकदा बोलून गेली. मी कौतुकाने म्हटलं, "आमच्या बाणांमुळे!" तिने चहा बशीत ओतला. मला तेव्हाच विचारायला हवं होतं. पस्तीस मुलांच्या वर्गात न बोलणारं मूल मी पहिल्या दिवशी ओळखायची; ती समोर बशी धरून गप्प बसली आणि मला काही कळलं नाही.

तिसऱ्या आश्विनात काकडी आली नाही.

पहिला आठवडा मी एसटीला दोष दिला. दुसऱ्यात डुकरांना. तिसऱ्यात आबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तुझं काही चुकलं असेल. जाऊन बघ." मी चिडले, आणि दुसऱ्या दिवशी गेले.

रस्त्यालगतच्या धोंड्यावर आपला पहिला बाण लख्ख होता. त्याच्या भोवती कुणीकुणी आपापली नावं रंगवली होती, आणि पायथ्याशी काचेच्या बाटल्यांचा खच. हिराबाई अंगणात नाचणीची कणसं पसरत होती. मला बघून ती उठली, पाट दिला, पाणी दिलं. तिच्या मागे एक मुलगी उभी होती, तिची नात, इराच्याच वयाची, हाताला सलाईनच्या सुईचे अजून न गेलेले डाग.

"काय झालं हिला?"

"आता बरी हाय. उनाळ्यात धा दिस दवाखान्यात व्हती. वरचं पानी पिऊन. पाड्यातली आनकी चार पोरं पडली."

आमच्या या दोन तालुक्यांचं पाणी धरणांतून शहराकडे जातं आणि वैशाखात डोंगरातल्या बायका हंडे घेऊन उलट्या दिशेने, वर चालतात. त्या पाड्याची विहीर चैत्रात आटते. मग पावसापर्यंत ते कातळातलं तळं, तेवढंच पाणी. ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. बाण काढताना ते मला सुचलं नाही, एवढंच. माणसं आली, साबण लावून पोहली, उष्ट्या पत्रावळी पाण्यात टाकून गेली. कुणी व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे, जायला कुणालाही विचारावं लागत नाही, एक ते त्रेचाळीस आकडे बघत जा.

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. माझाच आवाज मला चढा वाटला.

"कसं सांगू? पोरांनी काडलेलं हाय. तुज्या पोरांचा हात हाय त्याच्यावं."

"निदान पुसून तरी टाकायचे!"

ती म्हणाली, "पोरांनी काडलेलं हाय. ते आमी नाय पुसायचं, बाय. त्यांच्या मानसानंच पुसायचं."

मी हातातलं पाणी प्यायले. मग मी विचारलं, "उद्यापासून येऊ?"

"ये. पन त्यो डबा नको आनू."

तारेचे दोन ब्रश, छिन्नी, हातोडी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. दोन रात्री मी तिच्याच घरी झोपले; आबांनी खिचडीवर दिवस काढले आणि नंतर वर्षभर ऐकवलं. आकडे घातले होते त्याचा एक फायदा झाला, एकही निसटला नाही. पहिल्यापासून सुरुवात केली, म्हणजे रस्त्याकडची वाट आधी मिटेल. ऑइलपेंट दगडाच्या रंध्रांत गेलेला असतो. तो घासताना पांढरी पूड उडते आणि खालून पुन्हा बाण दिसतो, फिकट, जरा दुरून. मग छिन्नी. मी एक ठोका मारायची आणि दोन श्वास घ्यायची.

"शाळंत फळा तूच पुसायचीस का गो?" हिराबाईने विचारलं.

"नाही. मुलं पुसायची."

"मंग आता कळंल."

सातव्या बाणापाशी, निहार, तुझ्या बोटांचे ठसे होते. ओल्या रंगावर तू हात टेकवला होतास. चार बोटं, अंगठा नाही. मी त्यावर माझी बोटं ठेवून बघितली. तेवढा एकच बाण हिराबाईने घासला. मी ओहोळावर तोंड धुवायला गेले होते आणि परत आले तेव्हा तिथे नुसता ओला दगड होता. तिचाच नियम तिने मोडला होता.

दुसऱ्या दिवशी नाळेच्या टोकाला पोचलो. सपाट धोंड्यावर दोन डहाळ्या होत्या. हिराबाईने बघितलं आणि सहज म्हणाली, "दोगी वर हायत."

"तुला कसं कळलं?"

तिने माझ्याकडे बघितलं, निहार, जसं मी कधीकधी वर्गातल्या मुलांकडे बघायची. "डहाळ्या दोन हायत ना! चढताना ठेवायची, उतरताना काडायची. सांजंला एक जरी उरली तर मानसं वर जातात बघायला. कोन पडलं, कोन चुकलं. येताना खाली घरात विचारायचं, पानी कसं हाय, म्हंजे कुनाला ठावं असतं कोन गेलंय. तुज्या बानावरनं येनारी विचारत नव्हती, ठेवत नव्हती. दोन पोरं अशीच ऱ्हायली व्हती वर, एकाचा पाय मोडलेला. सकाळी ढोरं गेली तवा कळलं आमाला."

म्हणजे हजेरीपट. तीस वर्षं मी रोज सकाळी हजेरी घेतली, आणि डोंगरातला हजेरीपट डोळ्यांपुढे असताना नातवाला सांगितलं, श्रद्धा असते काही लोकांची. वर जाणाऱ्या कुणालाही ते लोक परका मानत नाहीत. संध्याकाळी त्याची मोजदाद करतात. माझ्या बाणांनी काय केलं, तर विचारायची गरज संपवली. मला वाटत होतं मी वाट सोपी करते आहे.

आम्ही दोन डहाळ्या ठेवल्या. आता चार झाल्या.

तिसऱ्या दिवशी बेचाळीस संपले आणि आम्ही तळ्याशी आलो. सोनकी तशीच होती. काठाचा कचरा पाड्यातल्या लोकांनी कधीच उचलून नेला होता. काळ्या कातळावर तुझा बाण, इरा, टोक आभाळाकडे, आकडा उलटा. मी बसले. ब्रश हातात होता. मी स्वतःला सांगितलं, बेचाळीस पुसून त्रेचाळिसावा ठेवणं म्हणजे पक्षपात. आजी म्हणून नव्हे, शाळेतली बाई म्हणून वाग. आणि मी ब्रश टेकवला.

हिराबाईने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाव दे गो."

"नको. नियम म्हणजे नियम."

"अगो, इथवर जो आला त्याला ह्यो आता कुटं न्हेनार? आन् पोरगी काय म्हनाली व्हती? पानी तिथनंच येतं." तिने वर बघितलं. "ह्यो एकच बरोबर हाय. बाकी समदे तुजे."

मी ब्रश खाली ठेवला. चढून आल्याचा घाम होता, म्हणून बरं. डोळे पुसावे लागले ते कुणाला वेगळं कळलं नाही. हिराबाईला कळलं असेल. तिने ओंजळीत पाणी घेतलं, थोडं परत सोडलं, आणि उरलेलं माझ्यापुढे धरलं. तिच्या हातातून मी प्यायले.

त्यानंतर मी वर गेलेली नाही. गुडघे आता जिना चढतानाच हिशेब मागतात. वाटेवर गवत आलं, नावं रंगवणारे दुसरीकडे गेले, तळं पुन्हा पाड्याचं झालं. पुढच्या आश्विनात काकडी आली, आणि तेव्हापासून ती पाटी टेकवते आणि मी विचारते, "आहे का?" ती सांगते, "हाय." एवढ्याच एका शब्दाच्या बळावर मी तुम्हाला फोनवर 'आहेत' म्हणत आले. त्रेचाळीस बाणांबद्दल तुम्ही विचारत होतात आणि मी एकाच्या जिवावर उत्तर देत होते. हे खोटंच आहे. त्याबद्दल मला माफ करा. पुसल्याबद्दल माफी मागत नाही.

तर निहार, लोकेशन पाठवणार नाही. वाट सांगते. मुरबाडहून टोकावड्याकडे जाणारी एसटी धरायची. कुठे उतरायचं ते आदल्या दिवशी हिराबाईला बाजारात विचारायचं. ती आधी तुझ्या मित्रांना बाजार उचलायला लावेल, तो उचलायचा. पाड्याच्या शेवटच्या घराशी, म्हणजे हिराबाईकडे, थांबायचं आणि म्हणायचं, "पाणी कसं आहे?" ती 'बरं हाय' म्हणाली तर पाड्यातलं जे माणूस ती बरोबर देईल त्याच्या मागोमाग निघायचं. 'आज नको' म्हणाली तर मुकाट्याने मागे फिरायचं, मग विमानाचं तिकीट कितीही महाग असो. कोळ्याचं जाळं आडवं आलं तर वाकायचं; तू आता सहा फूट आहेस, तुला बरंच वाकावं लागेल. नाळेच्या टोकाशी माणशी एक डहाळी.

आणि इरा, तुझ्या बाणाचं टोक यंदा शेवाळाने खाल्लं, असं ती म्हणते. आता तिथे नुसती एक उभी पांढरी रेघ आहे. आणखी किती पावसाळे टिकेल, मला सांगता येत नाही. रंग घेऊन येऊ नकोस. शेवाळ बाजूला करायला बोट पुरे.

मी तुमच्याबरोबर निघेन, पण हिराबाईच्या ओसरीपर्यंतच. तिथे बसून तिच्याबरोबर वरईतले खडे वेचेन, आबा भाताच्या वाणांवर भांडतील. चार वाजता ढग येतील, तेव्हा मी खडे वेचायचं सोडून डोंगराकडे बघत राहीन. मग हिराबाईची नात नाळेच्या टोकापर्यंत जाऊन येईल आणि अंगणाच्या कडेवरूनच ओरडून सांगेल, धोंड्यावर एकपन डहाळी नाय. तेवढं ऐकलं की मी चहा टाकेन.